ठकीला घर शोधताना : नऊ वर्षांच्या कुत्रीच्या १२० दिवसांच्या नोंदी

शनिवार, २७ जुलै २०२४

आमच्या मागच्या गल्लीतली सोसायटी जूनमध्ये पुनर्विकासाला गेली. सोळा बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगली, वॉचमनकाका गावी परतले, भोवती निळे पत्रे लागले. ठकी तेवढी मागे राहिली. गेटच्या आतल्या बाकाखाली तिचं सगळं आयुष्य गेलेलं. बाक गेला, गेट गेलं, तरी ही रोज त्याच जागी पत्र्याला पाठ लावून बसायची.

परवा, गुरुवारी, खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पुण्यातल्या एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं, त्या दिवशी मी ऑफिसातून येताना ती उभीच होती. बसायला कोरडी जागाच नव्हती. आज सकाळी गेले तर तशीच उभी. मागचे पाय थरथरत होते.

तिला उचलायचं की नाही यावर मी दोन दिवस घातले. तिच्या कानाला नसबंदीची खूण आहे, आणि नियम मला ठाऊक होता. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी झालेलं रस्त्यावरचं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. तो नियम मला पटतोही, कारण कुत्र्याला त्याची जागा हेच घर असतं. पण इथे जागाच उरली नव्हती. सोमवारपासून तळघराची खोदाई सुरू होणार असं साइटवरच्या सुपरवायझरने सांगितलं. घेऊन आले. घरी सांगितलं, पंधरा दिवस.

रविवार, २८ जुलै

डॉक्टरांकडे. वजन १५ किलो ६०० ग्रॅम. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी. हिरड्या फिकट. रक्तात प्लेटलेट्स ६२ हजार, आणि काचपट्टीवर गोचीडतापाचे जंतू दिसले. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स, डोस डॉक्टरांनी वजनावरून काढून दिला.

डोळ्यांवर निळसर सावट दिसत होतं, म्हणून मी धरून चालले होते की मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं: प्रकाश आरपार जातो. वयाने भिंग घट्ट होतं, त्याने तशी निळी झाक येते. मोतीबिंदूत भिंग पांढरं होऊन प्रकाश अडतो. म्हणजे तिला दिसतं, फक्त जवळचं जरा धूसर. हे आधी विचारलं नसतं तर मी ‘जवळजवळ आंधळी’ असं लिहून मोकळी झाले असते.

वयाचा अंदाज दातांवरून ‘आठ ते बारा’ असा आला. एवढ्याने भागणार नव्हतं. सोसायटीतल्या जुन्या लोकांना फोन केले, तेव्हा एका काकूंकडे २०१५ च्या गणपतीतला फोटो निघाला. आरतीच्या रांगेत मुलांच्या पायांत दोन-तीन महिन्यांचं तांबडं पिल्लू. कपाळावरचा पांढरा टिळा तोच. म्हणजे आता नऊ पूर्ण. जुना फोटो शोधायला माझा एक तास गेला. पुढे प्रत्येक फोनवर तोच कामी आला.

मंगळवार, ३० जुलै

चूक. सकाळची गोळी उपाशी पोटी दिली. अर्ध्या तासात गोळीसकट सगळं बाहेर. हे औषध खाल्ल्यावरच द्यायचं आणि वरून पाणी प्यायला लावायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. आता साध्या भातात गोळी, त्यावर वाटीभर पाणी घातलेला भात.

दुसरी अडचण शी-शूची. तिने आयुष्यभर फक्त मातीवर केलेली. आमच्याकडे फरशी आणि खाली पेव्हर ब्लॉक. काल रात्री दहापासून आज संध्याकाळी पाचपर्यंत, एकोणीस तास तिने धरून ठेवलं. शेवटी यांनी तिला उचलून कोपऱ्यावरच्या बागेच्या कुंपणापाशी नेलं, तिथे मातीचा हातभर पट्टा आहे. पाय टेकले आणि लगेच. आता रोज तीन वेळा तिथे.

मंगळवार, ६ ऑगस्ट

फरशीवर मागचे पाय फाकतात, त्यामुळे ती भिंत धरून चालते. दिवाणखान्यापासून गॅलरीपर्यंत रबरी तळाची पायपुसणी एकाला एक लावून रस्ता केला. अकराशे रुपये गेले. तासाभरात ती त्या रस्त्यावरून गॅलरीत जाऊन बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन हलली.

आमच्या सोसायटीतून तक्रार आली की कुत्रा लिफ्टने न्यायचा नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत सेक्रेटरींना नेऊन दिली. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आवाज चढवला नाही, फक्त कागद दिला आणि ‘तोंडात बोट घालायला गेलं तरी ही चावत नाही, या बघायला’ असं सांगितलं. ते आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा घेऊन गेले. विषय संपला.

रविवार, १८ ऑगस्ट

पहिली जाहिरात टाकली. मजकूर जसाच्या तसा:

‘सोसायटी पाडली आणि या म्हाताऱ्या मुक्या जिवाला सगळे सोडून गेले. बिचारीला कुणी आधार देईल का? तिचे शेवटचे दिवस तरी सुखात जावेत.’

सोबत पत्र्यापाशी भिजलेला फोटो. वरून, उभ्याने काढलेला.

रविवार, २५ ऑगस्ट

आठवड्यात ४३ फोन आणि निरोप. वहीत मोजून ठेवले आहेत. एकवीस जणांनी हळहळ कळवली. नऊ जणांनी पैसे देऊ केले. सहा जणांनी विचारलं, पिल्लू आहे का. चौघांना फार्महाऊसवर राखणीला हवी होती. दोघांनी आपल्याकडचं कुत्रं मीच घ्यावं अशी विनंती केली. एकजण मलाच रागावला की सोडून जाणाऱ्यांची नावं का टाकत नाही.

घर द्यायला एकही नाही. मी दया मागितली होती, ती भरपूर मिळाली. हे समजायला मला पुढे आणखी दोन महिने लागले.

रक्त पुन्हा तपासलं: प्लेटलेट्स १ लाख ९८ हजार. औषध संपलं. हिरड्या गुलाबी.

रविवार, १ सप्टेंबर

आज रेबीजची लस. ताप असताना द्यायची नाही म्हणून थांबलो होतो. वजन १६.४.

उठताना कुईकुई करते म्हणून मागचा एक्स-रे काढला. खुब्यांत संधिवात. डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडाचे आकडे बघितले आणि मगच वेदनाशामक लिहून दिलं, तेही गरजेपुरतं. शेजारच्यांनी प्रेमाने सांगितलं होतं, आमच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून द्या. कृपा करून असं कुणी करू नका. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

गणपतीत काही हालचाल करायची नाही असं ठरवलं. ढोलताशाच्या दिवसांत नव्या घरी पाठवणं तिच्यावर अन्याय झाला असता.

रविवार, २२ सप्टेंबर

यांच्या ओळखीतून एक तरुण जोडपं तयार झालं. दोघं आयटीत, पिंपळे सौदागरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. घर बघून आले. स्वच्छ, प्रेमळ माणसं, जाळी लावलेली गॅलरी, जवळ बाग. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या भरात एक गोष्ट सांगायची राहिली. ‘राहिली’ म्हणणंही खरं नाही, मी ती टाळली. तिच्या अंथरुणावर सकाळी कधीकधी ओला डाग असायचा. पाणी जास्त प्यायली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. सांगितलं तर नको म्हणतील ही भीती होती.

रविवार, २९ सप्टेंबर

ठकी गेली. तिचं पांघरुण, वाटी, औषधांची यादी दिली. रात्री मी पायपुसणी उचलली नाहीत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नऊ दिवसांनी परत आली.

ते दोघं स्वतः गाडीतून घेऊन आले. मुलगी रडत होती. तिसऱ्या रात्री ठकी त्यांच्या पलंगावर पायथ्याशी झोपली, सकाळी गादी ओली. त्यांना वाटलं बाहेर न्यायला उशीर झाला. मग रात्री बाराला आणि पहाटे चारला उठून खाली न्यायला लागले. तरी ओलं. सात रात्री नीट झोप नाही, दोघांनाही सकाळी नऊला कामावर. ‘ताई, आधी कळलं असतं तर आम्ही तयारी केली असती’, एवढंच तो म्हणाला.

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित नाही म्हटलं असतं, आणि ठकीचे नऊ दिवस, दोन प्रवास आणि दोन माणसांचं दुःख वाचलं असतं. गादीच्या सफाईचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

ठकी आत आली, पायपुसण्यांच्या रस्त्याने गॅलरीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

ओल्या अंथरुणाचा छडा. लघवीची तपासणी, कल्चर, रक्तातली साखर, सोनोग्राफी. एकूण ३,०५० रुपये. हा खर्च जुलैमध्येच करायला हवा होता.

जंतुसंसर्ग नाही, साखर नाही, मूत्रपिंडं वयाच्या मानाने चांगली. जागेपणी तिचा पूर्ण ताबा आहे, झोपेतच गळतं. नसबंदी झालेल्या मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हे आढळतं. संप्रेरक कमी झाल्याने मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो आणि झोपेत आणखी ढिला होतो. तिला कळतही नाही. तिला रात्री बाराला उठवून उपयोग नव्हता, आणि रागावणं तर क्रूरपणा झाला असता. रोज एक गोळी सुरू केली, पुढे प्रमाण कमी करत न्यायचं.

कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. ओली रात्र म्हणजे फुली, कोरडी म्हणजे टिंब.

रविवार, २० ऑक्टोबर

फुल्या: पहिल्या सात रात्रींत पाच, पुढच्या तीन रात्रींत एक.

आज मुळशीला एक फार्महाऊस बघायला गेलो. गृहस्थ फोनवर फार छान बोलले होते: चार एकर, मोकळं रान, ‘राणीसारखी राहील’. तिथे आधीचा एक कुत्रा होता. खांबाला साखळी, आणि खांबाभोवती साखळीच्या लांबीएवढं वर्तुळ, गवताची एक काडी नाही, माती घोटून सिमेंटसारखी गुळगुळीत झालेली. रात्री सोडतो, असं ते म्हणाले. वर्तुळाच्या बाहेर गवत गुडघाभर होतं आणि त्यात कुठेही पायवाट नव्हती.

नाही म्हणून आलो. फोनवर घर पसंत करू नका. जाऊन बघा आणि जमीन बघा.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

ही नोंद लिहिणं जड जातंय, पण हीच सगळ्यात उपयोगाची असेल.

वसुबारसेपासून तयारी केली होती. आतल्या न्हाणीघरात तिचं अंथरूण, खिडकीला रजई, पंखा आणि रेडिओ चालू. संध्याकाळी फेरीही पाचलाच उरकली. पूजा झाली, साडेआठला मी प्रसाद द्यायला शेजारी निघाले. दार उघडलं आणि त्याच क्षणी जिन्याखाली कुणीतरी माळ लावली. न्हाणीघराचं दार मी नुसतं लोटलं होतं, कडी लावली नव्हती. ती माझ्या पायांमधून गेली. खुब्यात संधिवात असलेली ती कुत्री तीन जिने कशी उतरली, मला दिसलंसुद्धा नाही.

गळ्यात पट्टा नव्हता. घरात टोचतो म्हणून मीच काढून ठेवला होता.

आम्ही तिघं, शेजारची दोन मुलं, सव्वादोन तास. गल्ल्या, पार्किंग, गाड्यांखाली टॉर्च. धुराने डोळे चुरचुरत होते, आणि हाक मारली तरी आवाजांत माझी मलाच ऐकू येत नव्हती. सासूबाईंचा घरून फोन आला: ‘अगं, तिच्या घरी बघितलंस का?’

तिच्या घरी. मला आधी समजलंच नाही.

निळ्या पत्र्यांपाशी गेलो. गेट होतं तिथे आता ट्रक आत जायची फळी आहे. त्या फळीच्या कडेला, बाक होता त्या जागी, ती बसली होती. पुढचे पाय पोटाखाली घेतलेले, सगळं अंग थरथरत होतं, आणि तोंड आत, खड्ड्याकडे. मी शेजारी मातीत बसले. बऱ्याच वेळाने तिने हनुवटी माझ्या मांडीवर ठेवली. उजव्या पंजाचं नख उपटलं होतं.

सोमवारपर्यंत थांबले नाही, रात्रीच पट्टा घातला. शनिवारी बिल्ला करून घेतला, नाव आणि दोन फोन नंबर, दीडशे रुपये. आता दाराला कडी, गळ्यात पट्टा, छातीला हार्नेस, बाहेर जाताना दोन दोऱ्या. आवाजाला भिणारं कुत्रं एका पट्ट्यावर कधीच नेऊ नका. मान मागे खेचली की पट्टा सहज निघतो.

रविवार, १० नोव्हेंबर

नवी जाहिरात. सासूबाईंनी ती वाचून एक शब्द काढायला लावला: बिचारी. बाकी मजकूर हा:

‘ठकी. गावठी मादी, वय नऊ वर्षं, वजन १७ किलो. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. गोचीडताप पूर्ण बरा, रक्ताचे रिपोर्ट दाखवू. झोपेत लघवी गळते. रोज एक गोळी, महिन्याला चारशे रुपये, गोळीमुळे आता आठवड्यातून एखादी रात्रच ओली. मागच्या खुब्यांत संधिवात, म्हणून तळमजला हवा. शी-शू फक्त मातीवर, त्यामुळे घरात कधीच नाही. फटाक्यांना इतकी घाबरते की दिवाळीत पळून गेली होती. भुंकते फार कमी. दोन-तीन तास एकटी शांत राहते. लहान मुलांनी ओढलं तर उठून दुसरीकडे जाते. माणूस काम करत असेल तिथे जवळ बसून राहणं तिला सगळ्यात आवडतं. साखळीला बांधायची असेल तर फोन करू नका. तीन आठवडे ठेवून बघा, नाही जमलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.’

फोटो तीन. एक तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीवर पोटावर झोपून, सकाळच्या उन्हात काढलेला. एक २०१५ च्या पिल्लाचा. एक गॅलरीत झोपलेली असतानाचा, शेजारी माझी चप्पल, म्हणजे आकार कळतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सहा दिवसांत पाच फोन. पाचही जणांनी जाहिरात पूर्ण वाचलेली होती. दोघं वरच्या मजल्यावर राहणारे, त्यांनी स्वतःच जिन्याचं विचारून माघार घेतली. एक बाई अजून विचार करत आहेत. एकांच्या घरी पाच महिन्यांचं बाळ, त्यांना मीच थांबायला सांगितलं.

पाचवा फोन सासवडहून. पहिलाच प्रश्न: ‘ताई, कुत्रीची लांबी किती आहे?’

मला वाटलं चुकून लागला. मग म्हणाले, ‘आडवी पसरून झोपते की मुटकुळं करून? दोन्ही मापं सांगा. इंचांत.’ ते शिंपी आहेत. त्यांची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा गाद्यांना रेक्झिनची खोळ आणि वर सुती चादरीची दुसरी खोळ अशी त्यांनी घरीच शिवली होती. लघवी गळते हे वाचून त्यांनी आधी कापड काढलं आणि मग फोन केला.

टेप घेऊन ठकीपाशी बसले. पसरलेली ३८ इंच, मुटकुळं २२.

रविवार, १७ नोव्हेंबर

सासवडला एकटीच गेले, आधी घर बघायला. बाजारपेठेमागच्या बोळात पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे जास्वंद आणि शेवग्याचं परस. सगळं एका पातळीवर, दुकानाला एकच पायरी. परसात माती. काका साठीचे, काकू थोड्या लहान, मुलगा चाकणला कारखान्यात. आधी त्यांच्याकडे एक कुत्रा होता, तेरा वर्षांचा होऊन दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. त्याच्या डॉक्टरांची फाइल काकूंनी दाखवली. लसींच्या तारखा एकही वर्ष चुकलेल्या नाहीत. ती फाइल बघितल्यावर मला बाकी फारसं विचारायचं उरलं नाही.

एक प्रश्न मात्र विचारला, अवघड होता तरी: तुम्हाला दोघांना काही झालं तर? काकू म्हणाल्या, ‘मुलाला विचारलंय. तो नाही म्हणालाय, खोटं कशाला सांगू.’ मग कागदावर लिहून ठेवलं की अशा वेळी ठकी माझ्याकडे परत येईल.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी सातलाच मत देऊन ठकीला घेऊन निघालो. चूक: निघण्याआधी खायला घातलं. दिवे घाटात तीन वेळा उलटी. म्हातारं कुत्रं गाडीने न्यायचं तर चार तास आधीपासून पोट रिकामं ठेवा, पाणी चालतं.

पोचल्यावर ती दाराशी थांबली. काकांनी बोलावलं नाही, हात पुढे केला नाही. पायमशीन चालवत राहिले. दहा मिनिटांनी ती पायरी चढली, तिने कात्रणांच्या ढिगाचा वास घेतला आणि मशीनच्या पायट्याशेजारी बसली. पायटा खालीवर होत होता, तिचे कान त्या तालावर हलत होते. शेपूट चाकात जाईल म्हणून माझा जीव वर. काकांनी मान न उचलता पायाने एक फळी सरकवून चाकाच्या आडोशाला लावली. जुन्या कुत्र्यासाठी केलेली फळी, अजून तिथेच होती.

आजच ठेवू का, असं काकूंनी विचारलं. नको म्हटलं. शनिवारी निकाल, गावात फटाके फुटणार. रविवारी आणते.

रविवार, २४ नोव्हेंबर

शनिवारची रात्र न्हाणीघरात, या वेळी कडी लावून, मी आतच बसून.

आज सकाळी उपाशीपोटी निघालो, खिडकी चार बोटं उघडी, एकही उलटी नाही. सोबत दोन महिन्यांच्या गोळ्या, रिपोर्टांची फाइल, बिल्ल्यावर सासवडचा नंबर नव्याने कोरलेला, आणि तिचं न धुतलेलं पांघरुण, वासासाठी. साध्या कागदावर सह्या केल्या: साखळी नाही, दरवर्षी लस, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायची नाही, मी कळवून भेटायला येऊ शकते, नाही जमलं तर परत घेईन. स्टॅम्पपेपर वगैरे केला नाही.

खोळ तयार होती. तपकिरी रेक्झिन, वर जुन्या नऊवारीची मऊ खोळ, एका बाजूला नाडी. बदलायला एक मिनिट लागतं. तीन जोड शिवले होते.

मी मागे न बघता निघाले. दिवे घाट संपेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस जेवली नाही. काकूंनी भाकरी-दूध, उकडलेलं अंडं, चिकनचं पाणी सगळं करून पाहिलं. चाटून सोडते, आणि दुधाने पोट बिघडलं. मी दिवसातून चार-चार फोन करत होते, त्याने त्यांची काळजी वाढली, माझी कमी झाली नाही.

चूक माझीच. औषधांचं पानभर लिहून दिलं, जेवण कसं द्यायचं हे लिहिलंच नाही. सासूबाईंच्या लक्षात होतं: ही समोर कुणी उभं असताना जेवत नाही. सोसायटीत लोक ताटली ठेवून निघून जायचे, तशीच सवय. आम्ही नकळत ताटली ठेवून स्वयंपाकघरात जायचो. काकू मात्र मायेने शेजारी बसून ‘खा गं, खा’ म्हणत होत्या. संध्याकाळी त्यांना सांगितलं: दहीभात परसात ठेवा, आत या, पंधरा मिनिटं बघूसुद्धा नका.

सात वाजून चाळीस मिनिटांनी फोटो आला. रिकामी ताटली.

रविवार, १५ डिसेंबर

तीन आठवडे पूर्ण. भेटायला गेलो. बोळाच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर उन्हात होती. मला ओळखलं. उठून आली, दोन्ही हातांचा वास घेतला, शेपूट हलवली, यांच्या बुटांचा वास घेतला. दोनेक मिनिटं आमच्यापाशी होती. आत मशीन सुरू झाल्याबरोबर वळली आणि फळीशेजारी जाऊन बसली.

एवढंच बघायचं होतं. तीन आठवड्यांची मुदत काकांनी फाइलवर खोडली आणि खाली ‘कायम’ लिहिलं.

तीन आठवड्यांत ओल्या रात्री चार, त्यातल्या तीन पहिल्याच आठवड्यात. काकूंनीही कपाटावर कागद लावलाय, माझ्यासारखाच.

खर्च, ज्यांना अंदाज हवा आहे त्यांच्यासाठी. पहिली तपासणी आणि रक्त १,९५०. गोचीडतापाची औषधं ८४०. पुन्हा रक्त १,१००. लसी १,१५०. लघवी आणि सोनोग्राफी ३,०५०. एक्स-रे आणि वेदनाशामक १,६००. गळतीच्या गोळ्या १,२४०. पायपुसणी, अंथरूण, हार्नेस, बिल्ला २,४८०. पेट्रोल आणि रिक्षा २,९००. चार महिन्यांचं खाणं साधारण ९,२००. एकूण २५,५१०. त्यातले ६,५०० ठकीच्या जुन्या सोसायटीतल्या सात घरांनी आपण होऊन पाठवले. मी ऑगस्टच्या जाहिरातीत ‘सगळे सोडून गेले’ असं लिहिलं होतं. त्या सातही घरांना फोन करून त्याबद्दल माफी मागितली. भाड्याच्या घरांत मालक कुत्रं ठेवू देत नव्हते, आणि त्यातल्या एक काकू जुलैभर रोज रिक्षाने येऊन तिला पोळी घालून जात होत्या, हे मला तेव्हा कळलं.

रविवार, १२ जानेवारी २०२५

काकूंचा फोन. वजन १८ किलो, डॉक्टरांनी भाकरी निम्मी करायला सांगितली आहे, खुब्यांना भार नको म्हणून. गोळीही एक दिवसाआड केली आहे. दहा दिवसांत एकच रात्र ओली.

रेबीजची पुढची लस १ सप्टेंबरला. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर काका गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या तारखा लिहितात. सप्टेंबरच्या पानावर अजून एकाच चौकोनात लिहिलेलं आहे, असं काकू म्हणाल्या: ‘ठकी, सुई.’